सरकती भिंत

फलकावर काहीतरी चुकलंय, असंच राजश्रीला आधी वाटलं. कन्व्हेन्शन सेंटरच्या दर्शनी दालनात शिरलं की डाव्या हाताला तो उभा पडदा होता आणि त्यावर दिवसभराचे कार्यक्रम एकामागून एक येत असत. कुठल्या दालनात काय, जेवण कुठं, गाड्या कुठं लावायच्या. रोज आत येताना ती त्याच्याकडे एक नजर टाकायची, शुद्धलेखन बघायची आणि पुढे जायची. आज 'दालन दोन, अ' च्या पुढे 'श्रद्धांजली सभा' असं होतं. त्याखाली 'लिंगैक्य बसवेश' आणि त्याखाली त्याचा फोटो. डोक्यावर पिवळं हेल्मेट, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, मागे अर्धवट बांधलेलं छत. हा फोटो तिनंच काढला होता, सेंटरच्या माहितीपत्रकासाठी. काढताना ती काहीतरी बोलली होती आणि तो हसला होता. त्या हसण्यात तो तिच्याकडे बघत होता, आणि आता काचेच्या दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होता. फोटो सरकला. 'दालन दोन, ब : टाइल्स विक्रेत्यांचा स्नेहमेळावा' आलं, मग उपाहारगृहाची वेळ आली, मग वाहनतळाचा बाण आला. ती पर्स खांद्याला लावून तशीच उभी राहिली. शिवूनं घोटाळा केला असणार. कुणा दुसऱ्याच बसवेशची सभा, आणि ह्यानं जुन्या फाइलमधला आर्किटेक्टचा फोटो उचलून लावला असणार. नाव पुन्हा आलं. आडनावही तेच होतं.

शिवू ध्वनी आणि दिवे सांभाळायचा, फलकही त्याच्याकडेच होता. तो नियंत्रण कक्षातून खाली आला तेव्हा तिनं शांतपणे विचारलं, हे काय लावलंस. तो गोंधळला. "मॅडम, तुमाला म्हाईत न्हाई? शनिवारी गेले की सर. बार्शीहून येताना. गाडी कडंला घेतली, इंडिकेटर लावला, आन् तसंच स्टेरिंगवर. लोकांना वाटलं झोपलेत." रविवार-सोमवार तिची सुट्टी होती, फोनही लागत नव्हता, म्हणून संचालक अजिंक्य सरांनीच कुटुंबाकडून आलेला निरोप घेतला आणि दालन दिलं, असं त्यानं सांगितलं. त्यांनीच बांधलेली इमारत, मग सभा दुसरीकडे कुठं घ्यायची, असं सर म्हणाले होते. शिवू पुढे खुर्च्यांचं काही विचारत होता. राजश्री मान हलवत होती. शनिवारी दुपारी, असं तो म्हणाला होता का? की शनिवार एवढंच? तिनं विचारलं. "दुपारीच की. जेवणं झाल्यावर," तो म्हणाला.

शनिवारी दुपारी ती मागच्या स्वयंपाकघरात होती. दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचे आचारी आले होते आणि ती त्यांना वाफेच्या भट्ट्या दाखवत होती. फोन हातातच थरथरला. पडद्यावर 'आर्किटेक्ट' असं आलं. त्याचं नाव तिनं तसंच ठेवलं होतं, पहिल्यापासून. तिनं फोन पालथा करून स्टीलच्या ओट्यावर ठेवला. तो थरथरत ओट्यावरून थोडा थोडा पुढे सरकत राहिला, एखाद्या पाठीवर पडलेल्या किड्यासारखा, आणि थांबला. आचाऱ्यानं विचारलं, मॅडम, फोन घ्या की. ती म्हणाली, काही महत्त्वाचा नाही. पुन्हा फोन आला नाही. तेव्हा आधी तिला बरं वाटलं, आपण टिकलो म्हणून. मग संध्याकाळी राग आला, एकदाच करून थांबला म्हणून. एवढंच का आपलं मोल, एका रिंगचं? त्या रागात तिनं फोन बंद केला आणि दोन दिवस कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. त्या दोन दिवसांत ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होती. भांडी घासताना, आईच्या गुडघ्याला तेल लावताना, गॅलरीत कपडे वाळत घालताना. काय काय ठरवलं होतं बोलायचं. आणि तो रविवारी सकाळीच जमिनीत गेला होता. ती एका पुरलेल्या माणसाला टोचून बोलत होती.

त्यांच्यात, लिंगायतांत, माणसाला बसवून पुरतात. हे त्यानंच तिला सांगितलं होतं, मोठ्या सभागृहात, खुर्च्या नुकत्या बसवल्या होत्या तेव्हा. त्या दिवशी तो प्रत्येक रांगेत जाऊन बसून बघत होता, कुठून व्यासपीठ दिसतं, कुठं पुढच्याचं डोकं आड येतं. तीही मागोमाग बसत होती. कोपऱ्यातल्या एका खुर्चीत तो बराच वेळ बसून राहिला तेव्हा ती म्हणाली, झोप लागली का? तो म्हणाला, आम्हाला मेल्यावरही बसवतात, मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन. आडवं होणं नशिबात नाही. आणि मग शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून, घरी आईशी बोलायचा त्या कानडीत म्हणाला, "कुंद्रु." बस. ती बसली. त्या वेळी छताला दिवे नव्हते, वरच्या झरोक्यातून एक पट्टा येत होता आणि त्यात सिमेंटची धूळ उडत होती. आता तो तसाच बसला असेल का? माती पाठीला टेकून, माती मांडीवर, माती गळ्यापर्यंत आणि मग वर. ती भिंतीला टेकली. भिंत गार होती. उन्हाळ्यातही ही भिंत गार राहील असं तो म्हणायचा. बाहेरून काळा दगड, मध्ये पोकळी, आतून वीट. सोलापूरच्या उन्हाला शत्रू समजायचं नाही, उंबऱ्यावर थांबवायचं, म्हणून तर त्यानं बाहेर तो खोल सज्जा काढला होता, ज्याच्या सावलीत रिक्षावाले झोपायचे आणि अजिंक्य सर त्यांना उठवायला लावायचे.

ती पहिल्यांदा ह्या जागेवर आली तेव्हा इथं फक्त खड्डा होता. साइट ऑफिसात कामाला होती. सामान आलं, माणसं आली, पाणी आलं, एवढं बघायची. बसवेश सोलापूरच्याच भवानी पेठेतला, धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरातला, पुण्यात शिकून परत आलेला. तो तिला नकाशे समजावून सांगायचा, आणि तिला ते समजायचे म्हणून त्याला आनंद व्हायचा. पाहुण्यांची वाट आणि काम करणाऱ्यांची वाट कुठंही एकमेकींना छेदत नाही, हे त्यानं तिला अभिमानानं दाखवलं होतं. पुढे प्रशस्त पायऱ्या, उतार, झरोक्यांचं दालन. आणि त्या सगळ्याच्या मागून, स्वयंपाकघरापासून रंगमंचापर्यंत जाणारी अरुंद वाट, जिथून ताटं, खुर्च्या, फुलं, कचरा, माणसं जातात आणि पुढच्याला काही दिसत नाही. "हे आमच्या वस्तीतल्या माणसांना शिकवावं लागत नाही," ती म्हणाली होती. तिनं सहज म्हटलं होतं. त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तो नकाशा घेऊन पुन्हा बसला, रात्रभर खाडाखोड केलेला, पण वाट काही बदलली नाही. बदलणं शक्यच नव्हतं. आणि मग पुढची सगळी वर्षं ती दोघं त्या मागच्याच वाटेवर भेटत राहिली. सभागृहाच्या दोन दारांमधल्या काळोख्या जागेत, जिथं बाहेरचा आवाज मरावा म्हणून भिंतींना इथल्याच मागावर विणलेलं जाड चादरीचं कापड लावलं होतं. तिथं बोललेलं खरोखरच कुठं जात नसे.

ती इथंच नोकरीला राहिली, इमारत चालवू लागली. तो दुसरी कामं करायचा आणि काहीतरी दुरुस्तीचं निमित्त काढून यायचा. त्याला बायको होती, मुलगी होती, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तिनं कधी काही मागितलं नव्हतं. मागण्याची सवय नव्हती असं नाही; पण हे मागण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं. मग गेल्या आठवड्यात सेंटरच्या वर्धापनदिनाला तो सहकुटुंब आला आणि दर्शनी दालनात, त्या झरोक्याखाली, बायकोला, दानेश्वरीला, म्हणाला, ह्या आमच्या मॅडम, इथलं सगळं ऑपरेशन बघतात. दानेश्वरीनं हात जोडले. तिनंही जोडले. बस्स, एवढंच. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण त्या वाक्यातून ती घरी जाईपर्यंत बाहेर पडू शकली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला सांगितलं, मला कधीतरी पुढच्या दारानं यायचंय. ते जमणार नसेल तर मागच्या दारानंही येऊ नकोस. आणि मग तो शनिवारचा फोन. काय सांगायचं होतं? जमेल, असं? की जमणार नाही? की छातीत काहीतरी होतंय, माणूस पाठव? बार्शीपर्यंत पोचायला वेळ लागला असता, पण तिला तिथल्या सरकारी दवाखान्यातले लोक माहीत होते, रुग्णवाहिकेचा नंबर तर सेंटरच्या भिंतीभिंतीवर तिनंच लावून घेतला होता. इथं कुणाला भोवळ आली तर काय करायचं ह्याची ती दर वर्षी सगळ्यांना तालीम द्यायची.

लोक येऊ लागले. पांढरे कपडे, कपाळाला विभूती, हलक्या आवाजातली कानडी. राजश्री दारात उभी राहिली नाही. तिनं वातानुकूलन वाढवलं, पाण्याच्या बाटल्या लावून घेतल्या, म्हाताऱ्यांसाठी पुढच्या रांगेतल्या खुर्च्या हलवून घेतल्या, फोटोवर पडणारा दिवा शिवूला जरा तिरका करायला सांगितला. काचेवर चमक येत होती. आपण हे करतोय, हे आपल्याला करता येतंय, ह्याची तिला किळस आली. पण हात करत होते. सभा सुरू झाली आणि पाचच मिनिटांत पलीकडून ढोलकी आणि टाळ्या आल्या. दालन दोन म्हणजे खरं एकच मोठं दालन; मधली भिंत सरकती होती, छताच्या पट्टीला टांगलेल्या उंच फळ्यांची. हवी तेव्हा ओढायची, नको तेव्हा घडी करून बाजूच्या चिंचोळ्या खोलीत उभी करायची. शेवटची फळी त्या खोलीतून लोखंडी दांडा फिरवून घट्ट करावी लागे, म्हणजे तिची खालची रबरी पट्टी जमिनीला टेकायची आणि आवाज बंद. त्या फळीचा खटका झिजला होता. पट्टी आपोआप वर उचलली जात होती आणि खालच्या फटीतून एका कंपनीच्या नव्या टाइल्सचं गाणं शोकसभेत शिरत होतं. ती पलीकडे गेली, आयोजकाला हात जोडले. त्यानं आवाज कमी केला. ती बाहेर पडेपर्यंत पुन्हा वाढवला. अजिंक्य सरांनी दारातून तिला खूण केली, काहीतरी करा.

ती त्या चिंचोळ्या खोलीत शिरली आणि दांडा फिरवून धरला. गाणं थांबलं. सोडला, की सुरू. शिवू मागोमाग आला, म्हणाला, "द्या मॅडम, मी धरतो की. तुमी कशाला." ती म्हणाली, तू वर जा, माइक बघ. तो थोडा घुटमळला आणि गेला. मग ती दोन्ही हातांनी दांडा धरून, कपाळ फळीला टेकून उभी राहिली. पाठीमागे टाइल्सवाले, पुढे बोटभर कापड आणि लाकूड आणि पलीकडे तो. आता सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. कुणी त्याच्या लहानपणाबद्दल बोललं, तो पोत्यांच्या थप्प्या रचून घरं करायचा म्हणे. हे तिला माहीत नव्हतं. कुणी पुण्यातल्या वसतिगृहातलं सांगितलं, लोक थोडे हसले आणि गप्प झाले. अजिंक्य सर म्हणाले की ही इमारत म्हणजे त्यांचं स्वप्न, त्यांनी एकट्यानं ती उभी केली. हात दुखायला लागले होते. दंडातून कळ खांद्यात, खांद्यातून मानेत येत होती, आणि ती कळ तिला हवी होती. हीच तेवढी आपली आहे, असं तिला वाटलं. मग सगळे उभे राहिल्याचा आवाज आला, खुर्च्या मागे सरकल्या आणि एकदम शांतता झाली. तीही उभीच होती. त्या शांततेत ती सोडून बाकी सगळ्यांना रडायची मुभा होती. तिला रडू आलं असतं तर हात सुटला असता. आणि रडू आलंच नाही. आत काहीतरी कोरडं, पिठासारखं, पडत राहिलं. तिनं मनात त्याचं नाव घेऊन बघितलं. ते फलकावरच्यासारखं दिसलं, लिंगैक्य लावूनच.

सभा संपल्यावर ती मागच्या वाटेनं कार्यालयाकडे निघाली तेव्हा दानेश्वरी समोरून येत होती. पांढरी साडी, पायांत चप्पल नव्हती. ती चुकून इकडे आली असावी असं वाटून राजश्री म्हणाली, बाहेर जायचं दार तिकडे आहे. दानेश्वरी म्हणाली, दार शोधत नाही आले, तुमच्याकडेच आले. बाजूला रिकाम्या क्रेट्स रचलेल्या होत्या. त्यांना धरून ती उभी राहिली. थकलेली होती, डोळ्यांखाली सूज होती, पण आवाज सरळ होता.

"त्यांचा फोन पोलिसांनी काल परत दिला," ती म्हणाली. "शेवटचा फोन तुम्हाला केलाय. गाडी थांबवल्यावर. काय म्हणाले?"

राजश्रीला वाटलं, ह्या दोन मिनिटांची आपल्याला कुणीतरी आधी कल्पना द्यायला हवी होती. काहीही बोलता आलं असतं. सरकत्या भिंतीबद्दल विचारत होते, खटका बदलला का म्हणून. मुलीचं नाव घेतलं. तुमचं घेतलं. त्यातलं कुठलंही वाक्य हिला आयुष्यभर पुरलं असतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे तो तिच्याशी बोलला असं होणार, आणि तो तिच्याशी बोलला नव्हता, तिनं बोलू दिलं नव्हतं. ते तिला कुणालाच देता येईना, स्वतःलाही नाही.

"मी उचलला नाही," ती म्हणाली. "कामात होते."

दानेश्वरी तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात शोध होता, पण राग नव्हता, निदान राजश्रीला तो सापडला नाही. तिला माहीत असेल का? असेल तर कधीपासून? वर्धापनदिनाला हात जोडले तेव्हापासून?

"म्हणजे कुणाशीच बोलणं झालं नाही त्यांचं," दानेश्वरी म्हणाली. ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. तिला सुटल्यासारखं वाटलं की आणखी खोल गेल्यासारखं, ते राजश्रीला कळलं नाही. मग तिनं विचारलं, तोंड धुवायला पाणी कुठं आहे. राजश्रीनं तिला कलाकारांच्या खोलीत नेलं, नळ सोडून दिला, स्वच्छ टॉवेल काढून दिला. दानेश्वरीनं तोंड धुतलं, आरशात न बघता पुसलं, कपाळाला पुन्हा विभूती लावली. जाताना तिनं राजश्रीच्या मनगटाकडे बघितलं. दांड्याचा वळ उठला होता. मग तिनं टॉवेल घडी करून तिच्या हातात दिला आणि मागच्याच वाटेनं निघून गेली. पुढचं दार जवळ होतं तरी.

दुपारनंतर दालन मोकळं केलं. संध्याकाळी तिथं साखरपुडा होता. सरकती भिंत घडी घालून आत ढकलली, दालन पुन्हा एक झालं, पांढऱ्या खोळी काढून खुर्च्यांना गुलाबी घातल्या. राजश्री सगळं होईपर्यंत थांबली आणि दिवेलागणीला घरी गेली.

आई, विठाबाई, भाकरी करत होती. गुडघ्यामुळे तिला बसून करता येत नसे, स्टुलावर टेकून ओट्याशी करायची. आज कसला कार्यक्रम होता, तिनं रोजच्यासारखं विचारलं. राजश्रीनं सांगितलं, शोकसभा होती. सेंटर ज्यांनी बांधलं ते गेले. लई म्हातारे होते का? नाही, पन्नाशीचेही नव्हते. लेकरंबाळं? एक मुलगी, बारावीला. आई थांबली. तव्यावरची भाकरी फुगून बसली तरी तिनं ती उलटली नाही.

"बाईचं कसं व्हायचं गं," आई म्हणाली. "मानसं चार दिस येत्यात, मंग कुनी येत न्हाई. तवा कळतं. पयल्यांदा रडूच येत न्हाई बघ. लोकं म्हनत्यात दगडाची हाय. तुझे आप्पा गेले तवा मी रेल्वेच्या क्वार्टरात पोरं पाणी मागायली म्हनून पाणीच भरत बसले व्हते. हंडा भरायचा, वतायचा. हंडा भरायचा, वतायचा."

राजश्री ताटावर बसून होती. घास हातात होता. आईचा आवाज त्या कुणा अनोळखी बाईसाठी ओला झाला होता, आणि ती ते एकेक वाक्य हळूच, दुसऱ्याच्या घरातलं उचलावं तसं, स्वतःकडे घेत होती. आईनं थांबू नये असं तिला वाटत होतं.

"मग?" ती म्हणाली. "मग रडू कधी आलं?"

आईनं भाकरी उलटली. ती एका बाजूनं करपली होती. पदरानं डोळे पुसून तिनं लेकीकडे बघितलं, तिच्या केसांवरून पिठाचा हात फिरवला.

"जेव तू," ती म्हणाली. "तुला न्हाई कळायचं ते."